अकरा महिन्यांचें बिऱ्हाड

गेल्या महिन्यांत हें सदर रिकामें राहिलें, म्हणून बऱ्याच वाचकांनीं आपुलकीनें चौकशी केली. मी आजारी नव्हतों. आर्णींत नव्हतों, इतकेंच. मुंबईस, दादरच्या शिवाजी पार्कापाशीं, एका उंच इमारतीच्या एकोणिसाव्या मजल्यावरील रिकाम्या घरांत बसून मी एक करारनामा वाचीत होतों.

माझी थोरली बहीण येथेंच, आर्णीस, राहते. मेहुणे जाऊन सहा वर्षें झालीं. घर जुनें पण ऐसपैस. पुढें ओसरी, मागें परसांत विहीर. रस्त्याकडच्या दोन खोल्यांत तहसील कचेरींतील एक कारकून सहकुटुंब बिऱ्हाड करून आहे. त्याच्याशीं कागदपत्र असें कांहींच नाहीं. नऊ वर्षांपूर्वीं ताई "राहा" म्हणाली, आणि तो राहिला. भाडें आजवर दोनदां वाढलें, आणि दोन्ही वेळां त्यानें आपण होऊन वाढवून दिलें.

तिचा एकुलता मुलगा मुंबईस नोकरीला. सूनहि मिळवती. आजपर्यंत तीं दोघें ठाण्याच्या पलीकडे राहत, आणि रोज जाऊन-येऊन तीन तास आगगाडींत उभीं असत. दिवाळीला भाचा आला तो बातमी घेऊनच. शिवाजी पार्कावर मोठें घर भाड्यानें मिळत आहे. आई, तूं आतां एकटी राहूं नकोस, कायमची चल. भाडें दरमहा १,४०,००० रुपये, आणि अनामत सहा महिन्यांची, म्हणजे ८,४०,०००. ताईच्या बँकेंतील ठेवींची मुदत नेमकी पौषांत भरत होती, हेंहि त्यानें जातां जातां सांगितलें.

ताईला पैशाचा राग आला नाहीं. ती मला एवढेंच म्हणाली, "अरे, घर अकरा महिन्यांचें आहे म्हणतो. बाराव्या महिन्यांत मी कोठें?"

या प्रश्नाचें उत्तर आर्णींत बसून देण्यासारखें नव्हतें. म्हणून धामणगांवास जाऊन गाडी धरली.

दोष काढण्याच्या तयारीनेंच गेलों होतों, हें कबूल करतों. पण घर मला आवडलें. प्रवेशाला संगमरवर, तळमजल्यावर पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा. हा थाट बाजूला ठेवला तरी खोल्यांत उजेड आणि वारा असा कीं, मुंबईंत आहों हें विसरावें. एका खिडकींतून समुद्र, दुसरींतून मैदान. हें मैदान १९२५ सालीं लोकांसाठीं खुलें झालें आणि १९२७ त, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या सुमारास, त्याला महाराजांचें नांव मिळालें. सायंकाळीं कट्ट्यावर म्हाताऱ्यांची रांग, आंत क्रिकेटची पोरें. रानडे रस्त्यावर खरेदीची झुंबड. स्टेशनापाशीं पहांटे भरणारा फुलबाजार. नाटकाला शिवाजी मंदिर चालत जाण्यासारखें. आर्णीच्या ओसरीवर दुपारभर एकटी बसणारी ताई येथें रमणार नाहीं, असें मला म्हणवेना.

भाच्याचा हिशेबहि पोरकट नव्हता. "मामा, हेंच घर विकत घ्यावयाचें तर सहा कोटी. त्याचें नुसतें व्याज वर्षाला पन्नास लाखांच्या घरांत जाईल. भाडें सतरा लाखसुद्धां होत नाहीं. मग शहाणपण कशांत?" यावर मी गप्प बसलों. भाड्यानें राहणें म्हणजे कमीपणा, ही आपल्या लोकांची समजूत मुंबईच्या बाजारभावापुढें टिकत नाहीं.

त्या इमारतीच्या मागल्या अंगाला एक लहान, साधी इमारत आहे. तींत या जागेवरचे मूळ भाडेकरू राहतात. पूर्वीं येथें तिमजली जुनी चाळवजा इमारत होती. १९४७ च्या मुंबई भाडे-नियंत्रण कायद्यानें अशा घरांचीं भाडीं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकलीं. महायुद्धानंतरच्या टंचाईंत तें योग्यच होतें. पण बांध पुढें दशकानुदशकें उठला नाहीं. मालक दुरुस्ती करीना, भाडेकरू जागा सोडीना, आणि सोडलीच तर 'पागडी' हातोहात फिरे. मालकांनीं मग 'लीव्ह अँड लायसन्स' ही युक्ति काढली. म्हणजे राहणारा भाडेकरू नव्हेच, केवळ परवानगीनें आंत आलेला. सरकारनें कायदा दुरुस्त करून १ फेब्रुवारी १९७३ रोजीं ताब्यांत असलेल्या अशा परवानगीवाल्यांनाहि भाडेकरू ठरविलें, तेव्हां मालकवर्ग अधिकच सावध झाला. शेवटीं १९९९ चा महाराष्ट्र भाडे-नियंत्रण कायदा आला आणि मुदत संपतांच घर परत मिळण्याची वाट मालकाला सरळ झाली. परिणाम पाहा: मागल्या इमारतींतील आजीबाई, ज्या कालपर्यंत किरकोळ भाडें भरीत, त्या पुनर्विकासानंतर घराच्या धनीण झाल्या, आणि पुढच्या इमारतींत महिना १,४०,००० मोजणारा माझा भाचा कायद्याच्या दृष्टीनें पाहुणा.

आतां करारनाम्याकडे वळतों. अकरा महिन्यांच्या मुदतीचें मूळ मला पूर्वींपासून ठाऊक होतें. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणें वर्षावरील भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून लोक महिना तोडतात. परंतु महाराष्ट्रांत १९९९ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमानें लीव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार, मुदत कितीहि असो, लेखी आणि नोंदलेलाच हवा. ती जबाबदारी मालकाची. कुचराई केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. करार नोंदलेला नसेल आणि तंटा झाला, तर अटींविषयीं राहणाऱ्याचें म्हणणें धरून चालतात. तें खोटें पाडण्याचा भार मालकावर. तेव्हां अकरा या आंकड्याला येथें आतां कांहीं अर्थ उरलेला नाहीं. संवयीनें चालतो, झालें! मी दलालाला छत्तीस महिने मागितले. मालक परदेशीं असतो, त्याच्याशीं बोलून तो बाविसावर आला. मुद्रांक एकूण भाडें आणि अनामतीवरील वार्षिक १० टक्के मानीव व्याज यांच्या पाव टक्का, म्हणजे आठ हजारांच्या आंतबाहेर, व नोंदणी १,०००. एवढ्या खर्चासाठीं कोणी करार टाळीत असेल तर त्याची कीव करावी.

दुसरें कलम कडक होतें. मुदत संपल्यावर घर न सोडल्यास दुप्पट रक्कम. हें कायद्यांतच आहे, २४ व्या कलमांत. त्यावर घासाघीस नाहीं. अनामतीचें कलम मात्र मोघम होतें: "यथावकाश परत करण्यांत येईल." भाचा पुण्यास असतांना एका मालकानें रंगकामाच्या नांवावर ४०,००० असेच यथावकाश गिळले होते. किल्ली एका हातानें आणि रक्कम दुसऱ्या हातानें, त्याच दिवशीं, असें मीं लिहवून घेतलें.

आणि मग चौथ्या पानावर घरांत राहणाऱ्यांचीं नांवें आलीं. भाचा व भाचेसून, दोनच. त्यांखेरीज कोणीहि पंधरा दिवसांहून अधिक राहूं नये, अशी त्याखालींच अट.

"यांत ताई कोठें आहे?" मीं विचारलें.

दलाल तत्परतेनें म्हणाला, "त्याचें काय एवढें, साहेब! आई पाहुण्या म्हणून येतील, जातील. कोण मोजतो?"

भाचा कांहीं बोलला नाहीं. त्यानें पान माझ्या हातून घेतलें आणि बराच वेळ तें तो पाहत राहिला. मुलगा वाईट नाहीं. दोघांचीं नांवें सांगा म्हटलें तेव्हां त्यानें दोघांचीं सांगितलीं, एवढेंच घडलें होतें. पण दिवाळीपासून जी आईला 'कायमची चल' म्हणत होता, तिला या कागदानें पंधराव्या दिवशीं बाहेर काढलें असतें. भाचेसूनच आधीं भानावर आली. तिनें पेन काढून मोकळ्या जागेंत सासूचें नांव लिहिलें आणि दलालाला म्हणाली, "हें छापून आणा; मग सही."

परततांना स्टेशनावर भाच्यानें ठेवींचा विषय आपण होऊन काढला. अनामत तीं दोघें आपापल्या शिलकींतून भरणार, कमी पडेल तें कचेरींतून उचल घेणार. मीं हरकत घेतली नाहीं. ताईच्या पावत्या मीं गेल्या सोमवारीं तिच्यादेखत तिच्याच नांवें पुन्हां तीन वर्षांसाठीं ठेवविल्या.

आर्णीचें घर विकण्याविषयीं दोन गिऱ्हाइकें एव्हांना येऊन गेलीं. बातमी कशी फुटते देव जाणे! त्यांना चहा पाजून परत पाठविलें. ताई संक्रांतीनंतर निघेल. सहाण आणि खोड, तांब्याचें घंगाळ, लोणच्याच्या दोन बरण्या एवढें बांधून झालें आहे. घंगाळ लिफ्टमध्यें मावेल ना, असें तिनें सुनेला टेलिफोनवर विचारून घेतलें. देवघराची आणि विहिरीकडच्या दाराची किल्ली कारकुनाच्या पत्नीपाशीं राहील. दिवा लावण्याचें तिनें मान्य केलें आहे. कारकुनानें मात्र काल येऊन मला विचारलें कीं, आतां भाडें कोणाकडे द्यावयाचें, आणि माघापासून थोडें वाढवून दिलें तर ताईंना चालेल का?