गोळी कुत्र्याला, झाडलोट गोठ्याला

राखणीचा कुत्रा शेपटीच्या बुडाशी कातडी चावत बसला, कमरेवरचे केस झडून खपल्या धरल्या, की गावात त्याला सरसकट ‘खरूज’ म्हटले जाते आणि फवारणीनंतर उरलेले कीटकनाशक त्याच्या अंगावर ओतले जाते. हा प्रकार थांबला पाहिजे. पिकासाठीच्या औषधातील विषाची मात्रा आणि विद्रावक प्राण्याच्या कातडीसाठी ठरवलेले नसतात. शिवाय कुत्रा आपले अंग चाटतो.

ही लक्षणे पुष्कळदा पिसवांच्या लाळेच्या ॲलर्जीची असतात. अशा कुत्र्याला मोजके दंशही पुरतात. म्हणून ‘अंगावर पिसू दिसत नाही’ हा पुरावा नव्हे. बारीक फणीने निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर टाकावेत. ते तांबूस विरघळले, तर ती पचलेले रक्त असलेली पिसवांची विष्ठा होय.

यावर पोटातून देण्याच्या गोळ्यांचा मी पुरस्कार करतो. अफोक्सोलॅनर, सॅरोलॅनर यांचा परिणाम सुमारे महिनाभर, तर फ्लुरालॅनरचा सुमारे बारा आठवडे टिकतो. औषध रक्तात राहते. पिसू चावताच ते तिच्या चेतासंस्थेवर आघात करते. पिसू चावल्यावरच मरणार असेल तर ॲलर्जीच्या कुत्र्याला उपयोग काय, हा आक्षेप तर्काला धरून आहे. परंतु रक्त प्यायल्यानंतर अंडी घालू लागण्यास मादीला साधारण एक ते दोन दिवस लागतात. त्याआधीच ती मेली, तर पुढची पिढी खुंटते आणि दंश घटत जातात. शेतावरचा कुत्रा पावसात भिजतो, कालव्यात उतरतो. त्याच्या मानेवर लावलेले औषध किती टिकेल याची शाश्वती नसते. गोळीला ती अडचण नाही.

मात्र गोळी दुकानातून परस्पर आणू नये. या गटातील औषधांमुळे काही कुत्र्यांत कंप व झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 मध्ये दिला आहे. कुत्र्याला पूर्वी झटके आले असतील, तर ते पशुवैद्यकास आधी सांगावे. मात्रा वजनावर ठरते. आधीच चिघळलेल्या कातडीला आणि खाजेला वेगळे उपचार लागतात.

खरी अडचण कुत्र्याच्या अंगाबाहेर आहे. पिसवांची अंडी केसांतून गळून धुळीत पडतात, अळ्या तेथेच प्रौढ पिसवांच्या विष्ठेवर वाढतात आणि कोषातील पिसू कित्येक महिने दबून राहू शकते. म्हणूनच पहिल्या गोळीनंतरही नव्या पिसवा दिसतात, आणि ‘औषध बोगस’ म्हणून शेतकरी ते सोडून देतो. विस्तार कार्यकर्त्याने हे पहिल्याच भेटीत सांगावे. कुत्रा निजतो ते गोणपाट उकळत्या पाण्यात धुवावे, ओसरीच्या व गोठ्याच्या कोपऱ्यांतील धूळ-कचरा वरचेवर काढून जाळावा, निदान तीन महिने उपचार खंडित करू नयेत आणि घरातील सर्व कुत्र्यांवर ते एकाच वेळी करावेत. मांजरासाठी पशुवैद्यकाकडून वेगळे औषध घ्यावे.

शेजारी शेळ्या असतील, तर त्यांच्याही अंगावर पाहावे. पिसवा फार झाल्या की करडांना रक्तक्षय होतो. पण कुत्र्याची गोळी मोडून करडांना चारू नये. ती शेळ्यांसाठी मान्य नाही.