पॅसेंजर दिव्यालाच थांबते तेव्हा

आमच्या महाड-पोलादपूरकडच्या बाईला "तुमचं स्टेशन कोणतं हो?" असं विचारलं, तर ती जरा घोटाळते. महाड गावात स्टेशन नाही. पोलादपूर तालुक्यात तर एकही नाही. महाडची माणसं दहा-बारा किलोमीटरवरच्या वीरला जातात, पोलादपूरची कोणी वीरला, कोणी करंजाडीला, तर कोणी विन्हेऱ्याला. कोकण रेल्वे 1993 साली रोह्याहून पहिल्यांदा आली ती वीरपर्यंतच, तेव्हापासून वीरचं नाव आमच्या तोंडी बसलं. पण गेल्या काही वर्षांत मी बायकांच्या तोंडून वेगळंच उत्तर ऐकते. "आमचं स्टेशन ना? दिवा!"

दिवा ठाणे जिल्ह्यात, लोकलच्या गर्दीतलं जंक्शन. आमचा त्या गावाशी काही संबंध नाही. तिथे ना आमचं माहेर, ना सासर. तरी आज कुडपणच्या आणि उमरठच्या म्हाताऱ्या बाईला दिव्याचा पूल कुठून चढायचा आणि कुठे उतरायचा, हे तोंडपाठ झालंय. असं का झालं, ते सांगते.

2020 च्या मार्चपर्यंत रत्नागिरी-दादर पॅसेंजर दादरला जात होती. टाळेबंदीत सगळ्याच गाड्या थांबल्या, तशी हीही थांबली. 2021 मध्ये पुन्हा सुरू झाली ती दिव्यापर्यंतच. सावंतवाडीची दिवसाची गाडी तर आधीपासूनच दिव्याहून सुटणारी. म्हणजे गरिबाच्या दोन्ही गाड्यांना आता दिवा. दादरहून रात्री सुटणारी तुतारी आहे, वीरला थांबतेही. पण ती आपल्याकडे येते उत्तररात्री. त्या वेळी वीरला उतरून पोलादपूरच्या वरच्या गावात जायचं, तर एकट्या बाईने काय करायचं? उजाडेपर्यंत फलाटावर बसायचं.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, दिव्याला उतरायचं आणि लोकल पकडायची! मुंबईकर मैत्रिणी मला हेच म्हणतात. त्यांना लोकल म्हणजे दुसरं घर. पण आमच्याकडची बाई मुंबईला कशासाठी जाते, ते आधी बघा. फिरायला किंवा खरेदीला जाणारी थोडी. बाकीच्या जातात त्या लेकीच्या बाळंतपणाला, नातवंडं सांभाळायला, आणि सगळ्यात जास्त म्हणजे दवाखान्याला. टाटा, केईएम, वाडिया ही तिन्ही रुग्णालयं परळला, दादरपासून हाकेच्या अंतरावर. म्हणजे ती जुनी पॅसेंजर आमच्या आजारी माणसाला जवळजवळ रुग्णालयाच्या दारात नेऊन सोडत होती. दादरला उतरायचं, टॅक्सी करायची, की झालं. कोणी तसा हेतू ठेवून गाडी सुरू केली नसेल, पण बायकांनी तिचा उपयोग तसा करून घेतला होता.

आता ती वाट मध्येच तुटली. माझ्या ओळखीच्या एक मावशी आहेत, पोलादपूरच्या डोंगरातल्या. त्यांचे उपचार परळला चालू होते, तेव्हा दोन वेळा मी त्यांच्यासोबत गेले. गाडीत त्या बाकावर आडव्या होऊन मजेत आल्या, डब्यातली भाकरी-चटणी खाल्ली, शेजारणीशी गप्पाही मारल्या. खरा प्रवास सुरू झाला तो गाडीतून उतरल्यावर! जिन्याच्या सहाव्या पायरीवर त्या बसल्या. मागून लोंढा. कोणी वाईट वागलं नाही हो, उलट एका कॉलेजच्या पोराने पिशवी घेतली. पण गर्दीला थांबताच येत नाही. एक लोकल सोडली, दुसरी सोडली, तिसरीत कशाबशा शिरलो. तेव्हा मावशी एवढंच म्हणाल्या, "वहिनी, पुढल्या खेपेला मी नाही यायची." आजाराला त्या घाबरल्या नव्हत्या बरं का. घाबरल्या त्या जिन्याला.

ही एका मावशीची गोष्ट नाही. आमच्या बचत गटाच्या बैठकीत मुंबईचा विषय निघाला, की प्रत्येकीची काही ना काही कहाणी असते. एका मोठ्या स्टेशनवर गाडीचा फलाट ऐन वेळी बदलला. घोषणा झाली, पण भोंग्याचा आवाज आणि लोकांचा गलका यात ती कळली कोणाला? दोन पोरं, एक ट्रंक आणि गणपतीचं सामान घेऊन आमची एक मैत्रीण पुलावरून धावत सुटली. धाकट्याची चप्पल मागे राहिली. गाडी मिळाली, चप्पल गेली. ती हसत सांगते, आम्हीही हसतो. पण त्या धावण्यात पोराचा हात सुटला असता तर, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

आणि दिव्याच्या गर्दीचं काय सांगावं! तिथल्या लोकांचे हाल आमच्याहून जास्त आहेत. 2 जानेवारी 2015 ला सकाळी लोकल बिघडल्या, तेव्हा याच स्टेशनात संतापलेले प्रवासी रुळांवर उतरले, दगडफेक झाली, मध्य रेल्वे कित्येक तास बंद पडली. 9 जून 2025 ला मुंब्रा आणि दिवा यांच्या दरम्यान, शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेली माणसं खाली पडली आणि त्या दिवशी चौघांचा जीव गेला. जिथे रोज ये-जा करणारी धडधाकट माणसं दारात लटकतात, तिथे आम्ही सलाईनच्या खुणा असलेला हात धरून एका आजारी बाईला आत चढवायचं! दिव्याच्या बायका आम्हाला बघून कपाळाला आठ्या घालतात. मला त्यांचा राग येत नाही. त्यांच्या लोकलमध्ये आधीच पाय ठेवायला जागा नाही, त्यात आमची बोचकी!

आता कोणी म्हणेल, मग एस.टी.ने जा की. 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. खरं आहे, आणि त्या सवलतीने आमच्या बायका कितीतरी मोकळ्या झाल्या, हेही मी मान्य करते. पूर्वी नवऱ्याकडे पैसे मागायला लागायचे म्हणून माहेरी न जाणारी बाई आता उठून जाते. पण मुंबई-गोवा महामार्गाचं रखडलेलं काम आणि खड्डे कोणाला ठाऊक नाहीत? पोटाचं ऑपरेशन झालेल्या बाईला त्या रस्त्याने आणायचं म्हणजे शिक्षाच. आणि एक गोष्ट, जी आपण चारचौघांत बोलत नाही. एस.टी.त संडास नसतो. मधुमेह असलेली, दिवस भरत आलेली, केमो घेतलेली बाई एस.टी.च्या प्रवासात सकाळपासून पाणी पीत नाही. "लागली तर कुठे जाऊ?" या भीतीने. रेल्वेत ती पाणी पिते. माझ्या मते बायकांना रेल्वे हवी असण्याचं हेच पहिलं कारण आहे. पण प्रवाशांच्या निवेदनात ते कुठेही लिहिलेलं मला दिसलं नाही. निवेदनं बहुतेक पुरुष लिहितात ना!

रेल्वेचीही एक बाजू आहे. दादरला फलाट मोजके, लोकलची रांग लागलेली. लांबून येणारी पॅसेंजर तासभर उशिरा आली, तर सगळं वेळापत्रक कोलमडतं. उशीर तर होणारच. रोहा ते वीर दुहेरी मार्ग 2021 मध्ये झाला, पण वीरच्या पुढे बहुतेक सगळा एकच रूळ. समोरून गाडी आली की एकीने बाजूला थांबायचं, आणि थांबते ती नेहमी पॅसेंजरच. घरातल्या सुनेसारखं आहे तिचं. सगळ्यांची पानं वाढून झाली, की मग हिची पाळी.

त्यात आमचा पाऊस. 2003 मध्ये वैभववाडीजवळ आणि 2004 मध्ये आमच्याच करंजाडीजवळ अपघात झाले, दोन्ही दरडीमुळे. तेव्हापासून पावसाळ्यात गाड्या हळू चालवतात, आणि चालवाव्यातच. 14 जुलै 2024 ला दिवाणखवटीजवळ दरड आली, तर सगळी वाहतूक दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बंद होती. 22 जुलै 2021 ला तर महाड पाण्यात, तळिये दरडीखाली आणि तिकडे चिपळूणजवळ वाशिष्ठीच्या पुलावर पाणी, अशी चहूबाजूंनी कोंडी झाली होती. (दासगावजवळच्या रेल्वेच्या भरावाने सावित्रीचं पाणी महाडात तुंबतं, ही महाडकरांची जुनी तक्रार आहे. म्हणजे भराव आमच्या वाट्याला, आणि गाडी मात्र दिव्यापर्यंत!)

पण उशिराचं कारण मान्य केलं, तरी एक प्रश्न उरतोच. ठाणे ते दिवा पाचवी आणि सहावी मार्गिका 18 फेब्रुवारी 2022 ला सुरू झाली. ती बांधली कशासाठी? तर लांबच्या गाड्यांना लोकलच्या रुळांवर यायला लागू नये म्हणून. ठाण्याच्या पुढे कुर्ल्यापर्यंतही असे वेगळे रूळ आहेत. मग आमची पॅसेंजर दादरला नाही, तर निदान ठाण्याला, कुर्ला टर्मिनसला का जाऊ नये? टाळेबंदीतला निर्णय टाळेबंदीपुरता असावा. पॅसेंजरचं किमान भाडं त्या काळात दहाचं तीस रुपये झालं होतं, ते 2024 च्या फेब्रुवारीत पुन्हा दहावर आलंच ना? मग गाडीलाच परत यायला काय अडचण आहे? 58 वर्षांवरच्या बायकांना तिकिटात मिळणारी निम्मी सवलतही त्याच 2020 च्या मार्चमध्ये गेली. तीही अजून परतलेली नाही.

गाडी मिळेल तेव्हा मिळेल, तोवर आजारी माणूस घेऊन जायचंच आहे. त्यासाठी काही गोष्टी सांगून ठेवते. मला त्या उशिरा कळल्या, तुम्हाला आधीच कळलेल्या बऱ्या. लोकलमध्ये दिव्यांगांसाठी जो डबा असतो, त्यात कॅन्सरचे रुग्ण आणि गरोदर बायकाही बसू शकतात. रुग्णालयाचे कागद हाताशी ठेवा, पिशवीच्या तळाशी नको. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येता रेल्वेच्या तिकिटात मोठी सवलत आहे, सोबत्यालाही आहे. त्यासाठी ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र रुग्णालयातून घ्यावं लागतं. मागितल्याशिवाय ते कोणी हातात देत नाही, तेव्हा मागा. आणि 139 हा नंबर मोबाइलमध्ये नाही, तर घरच्या भिंतीवर लिहून ठेवा. मोबाइल बहुतेक घरात मुलाच्या खिशात असतो!

वीर स्टेशनासाठीही आमच्या दोन साध्या मागण्या आहेत. पॅसेंजरच्या वेळेला महाड आणि पोलादपूरची एस.टी. जोडून द्या, म्हणजे रत्नागिरीकडे जाणारी गाडी संध्याकाळी आली की बायकांना रिक्षावाल्याशी घासाघीस करत उभं राहायला नको. आणि बायकांच्या स्वच्छतागृहाला कडी असावी, आत पाणी असावं, रात्री दिवा असावा. या दुसऱ्या मागणीला आमच्या एका बैठकीत एक वडीलधारे गृहस्थ हसले. "रेल्वेकडे मागून मागून कडी मागायची?" म्हणाले. मी म्हटलं, "दादा, तुम्ही एकदा कडी नसलेल्या दारामागे बसून दाखवा." मग कोणी हसलं नाही, आणि कडी निवेदनात राहिली.

निवेदन आता तयार आहे. यंदा ते बायकांनीच लिहिलंय, आणि पाणी न पिणाऱ्या बाईचा मुद्दा पहिल्या क्रमांकावर आहे. गणपतीच्या आधी ते द्यायचं ठरलंय. चाकरमान्यांची गर्दी सुरू झाली, की मग आमचं कोण ऐकणार? वीर, दासगाव आणि महाडच्या सह्या झाल्या. पोलादपूरच्या वरच्या गावांतल्या राहिल्यात. ज्यांना सही येत नाही त्यांच्या अंगठ्यासाठी शाईची डबी घेऊन मी आणि आणखी दोघी येत्या गुरुवारी सकाळच्या एस.टी.ने निघतोय. पहिली सही कोणाची घ्यायची, तेही ठरलंय. जिन्याच्या सहाव्या पायरीवर बसलेल्या मावशी हल्ली घरीच असतात.