नक्कल नव्हे, मश्क

आपल्याकडे ‘नक्कल’ हा शब्द बदनाम आहे. परीक्षेत केली तर गुन्हा, चित्रात केली तर प्रतिभेचा अभाव. पण उर्दू शिकलेल्यांना मश्क ठाऊक आहे. उस्तादांनी काढून दिलेले अक्षर तख्तीवर पुन्हा पुन्हा गिरवायचे. हात तयार होतो तो त्यातूनच. मी तैलचित्रणही सध्या तसेच शिकतो आहे.

गिरवायला घेतले आहे जेंतीले बेल्लिनीचे ‘अलेक्झांड्रियात संत मार्कचे प्रवचन’. त्याने ते १५०४ मध्ये सुरू केले. १५०७ मध्ये तो वारल्यावर भाऊ जोव्हान्नीने ते पूर्ण केले. मिलानच्या ब्रेरा संग्रहालयातले मूळ चित्र साडेसात मीटरहून अधिक रुंद आहे; माझा कॅनव्हास हातभर.

“मुसलमान असून माणसांची चित्रे?” असे काही मित्र विचारतात. हा मतभेद जुना आहे आणि ज्यांना हे पटत नाही त्यांचा मी आदर करतो. पण इतिहासही पाहावा. कॉन्स्टँटिनोपल जिंकणाऱ्या सुलतान दुसऱ्या मेहमदच्या दरबारात व्हेनिसने १४७९ मध्ये याच बेल्लिनीला पाठवले होते.

चित्रात पगड्यांची गर्दी आहे. मधोमध पांढऱ्या बुरख्यातल्या स्त्रिया बसल्या आहेत. लांबून तो एक पांढरा पट्टाच वाटतो. रंगवायला बसलो की कळते, नुसता पांढरा रंग चालत नाही. सावलीत तो राखाडी, उजेडात किंचित पिवळा. आधी टर्पेंटाइनमधला पातळ थर, तो वाळला की जवसाचे तेल वाढवत पुढचे. वाळेपर्यंत थांबावे लागते, आणि थांबले की पाहणे होते. मग प्रत्येकीच्या मानेचा कल वेगळा दिसतो. विसंगतीही दिसते : मार्क पहिल्या शतकातला, श्रोत्यांचे पोशाख मात्र ममलूक काळातले. म्हणजे गिरवणे हे डोळे मिटून मानणे नव्हे.

बातम्यांच्या छायाचित्रांत आपण बहुधा टोप्या आणि बुरखे असतो, माणसे क्वचितच. गर्दीतला एकेक चेहरा वेगळा पाहण्याची सवय म्हणूनच मला मोलाची वाटते.

शाळेत चित्रकलेचा तास आपण गणिताला देऊन टाकतो. उरलाच तर दोन डोंगर, सूर्य आणि झोपडी. त्याऐवजी अशा एका चित्राची छापील प्रत घ्यावी, प्रत्येक मुलाला त्यातले एक माणूस वाटून द्यावे आणि महिनाभर तेवढेच गिरवू द्यावे. शेवटी सगळे कागद शेजारी शेजारी चिकटवावेत. चित्र बिघडेल कदाचित. नजर मात्र नक्की तयार होईल.