नाद करा, पण आमच्या कानांचा नको!

दर दोन-चार महिन्यांनी तोच फोटो येतो. रस्त्यावर सायलेन्सरची रांग, वरून रोडरोलर, बाजूला साहेब उभे. शहर कुठलंही असो, फोटो एकच. आपण लाईक ठोकतो, 'बरं झालं' म्हणतो आणि रात्री साडेअकराला रंकाळ्याच्या रस्त्यावर परत फाट्-फाट् सुरू! स्पष्टच बोलतो. रोलर नळ्यांवरून फिरतोय, धंद्यावरून नाही.

आधी पोरांशी बोलतो, कारण त्यांना वाटतं आम्ही म्हातारे गाड्यांचे दुश्मन. तसं नाही भावांनो. नाद कोल्हापूरच्या रक्तातच आहे. उद्यमनगरात लेथवर काय काय बनतं ते जगाला माहीत आहे. पण तुम्ही जे करताय तो नाद नव्हे, नुसता आवाज आहे.

टू-स्ट्रोक इंजिनात एक्झॉस्ट पाईप म्हणजे इंजिनाचा भागच असतो. आरएक्स १०० वाल्यांना हे सांगायला नको. पाईपचा मधला फुगीर भाग आणि पुढची निमुळती होत जाणारी बाजू यातून दाबाची लाट परत फिरते आणि बाहेर निसटणारं ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलते. हे जमतं ते ठरावीक आरपीएमलाच. म्हणून परदेशात टू-स्ट्रोक एटीव्हीला, म्हणजे त्या चार जाड चाकांच्या गाडीला, नवा पाईप लावला की जाणकार लगेच क्लचकडे वळतो. बेल्टवाला क्लच असेल तर वजनं आणि स्प्रिंग बदलून इंजिन नेमकं त्या आरपीएमला धरून ठेवावं लागतं. कार्बोरेटरचं जेटिंगही बघावं लागतं. नाहीतर पाईप महागाचा आणि गाडी आधीपेक्षा मंद. याला म्हणतात ट्यूनिंग!

आणि आपल्याकडे? फोर-स्ट्रोक बुलेट, तिचा कंपनीचा सायलेन्सर काढायचा, आतून मोकळी नळी लावायची, झालं. ना फ्युएलिंग बघितलं, ना काही. बीएस-६ गाडी असेल तर बऱ्याचदा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही गेला, म्हणजे आवाजाबरोबर धूरही आमच्याच नाकात. एवढं करून गाडी किती जास्त पळते? विचारा स्वतःलाच.

आता आकडे बघा. १७५ सीसीच्या वरच्या मोटरसायकलला कंपनीतून बाहेर पडताना आवाजाची मर्यादा ८० डेसिबल. डेसिबलचा हिशोब साधा नसतो. १० ने वाढला की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५, दवाखान्याभोवती १०० मीटरात तर ४०. तिथं तुमची नळी फुटते. वॉर्डात कुणाची तरी आई सलाईनवर पडलेली असते, कुणाचं चार दिवसांचं बाळ दचकून उठतं. बारावीच्या पोराचं तर सोडाच.

काहीजण म्हणतात, 'आवाज असला की लोकं बाजूला होतात, अपघात टळतो.' अरे, नळीचं तोंड मागं आहे! पुढच्या ट्रकवाल्याच्या बंद काचेत काय जाणार? दुसरे म्हणतात, 'डॉल्बी चालतो, मग आमच्याच गाडीवर डोळा का?' डॉल्बीवरही बोलतोच आम्ही, शिव्याही खातो. पण शेजाऱ्यानं गटार तुंबवलं म्हणून आपण पण कचरा टाकायचा का?

आता प्रशासनाला. कायदा नाही असं कुणी सांगू नये. मोटार वाहन कायद्याचं कलम १९० (२): आवाज-प्रदूषणाचे निकष मोडले तर १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स बाद. कलम १८२-अ (४): मालकानं परवानगीबाहेरचा बदल केला तर प्रत्येक बदलाला ५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. म्हणजे मालकासाठी दांडकं तयार आहे. पण भर रस्त्यावर दुकानात ओळीनं टांगलेल्या नळ्या विकणारा आणि दहा मिनिटांत बसवून देणारा? त्याच्यापर्यंत कधीतरीच कोणी पोचतं. नळीवर बारीक अक्षरात 'ओन्ली फॉर ऑफ-रोड यूज' छापलं की तो मोकळा. गिऱ्हाईक मात्र दुकानासमोरच्या रस्त्यावरूनच घरी जातं!

म्हणून मागण्या साध्या आहेत. एक, नळी जप्त केली की ती कुठं बसवली हे विचारा आणि त्या दुकानावर जा. दोन, चौकात दिवसा तपासणी आहेच, ती रात्री दहानंतर दवाखान्यांच्या परिसरात साउंड मीटर घेऊन करा. तीन, लायसन्स खरंच तीन महिने बाद करा. पोरगं पाचशे-हजाराला घाबरत नाही, गाडी दारात उभी राहिली की घाबरतं.

आणि आईबापांनो, गाडीचे हप्ते तुम्हीच भरताय ना? मग सायलेन्सर कुठला आहे तेही बघा की.

ज्यांना खरोखर मशीनचा नाद आहे त्यांनी ट्रॅक गाठावा. कोल्हापूरजवळच मोहिते रेसिंग ॲकॅडमीचा ट्रॅक आहे. तिथं घड्याळ लावून सेकंद कमी करा, आम्ही टाळ्या वाजवायला येतो. गल्लीत झोपलेल्या माणसाला उठवण्यात कसली मर्दुमकी?

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण मुद्द्यावर भांडा.