शपथेवाचूनची जबानी
ओसरीवरून : ओसरीकर

आठवडी बाजार उलगल्यावर कुंभार पिंपळगावाहून अंबडकडे निघालेल्या एस.टी.मध्ये, जिथे मेथीचा, मोसंब्यांचा आणि माणसांच्या घामाचा संमिश्र दर्प भरून राहिलेला असतो आणि आसनावर बसलेल्या मनुष्याच्या मांडीवर दुसऱ्याच कोणाची तरी पिशवी आदबीने येऊन विसावलेली असते, तिथे परवा एक छोटासा मुकदमा माझ्या डोळ्यांदेखत उभा राहिला आणि अवघ्या अर्ध्या मिनिटात निकालीही निघाला. वाहकाने खिडकीला नाक लावून बसलेल्या एका मुलाकडे बोट करून त्याच्या आईला विचारले, “ताई, ह्याचं वय?” बाईंनी अगदी सहज स्वरात सांगितले, “चालू हाय पाचवं.” तोच त्यांच्या मांडीवरची जेमतेम तीन वर्षांची मुलगी, जिला या प्रकरणात कोणीही पक्षकार केलेले नव्हते, भावाच्या अभिमानाने फुलून म्हणाली, “दादा साळंत जातो. पैलीत हाय. त्याला पाट्या वाचता येत्यात.” आणि बहिणीच्या साक्षीला पुष्टी देणे हे आपले कर्तव्यच आहे असे वाटून की काय, त्या मुलाने समोरची ‘महिलांसाठी’ ही पाटी अक्षर अक्षर लावून साऱ्या गाडीला ऐकू जाईल अशी वाचून दाखवली.

पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला एस.टी.त तिकीट नाही आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धे तिकीट, हा दस्तूर या मुलखातल्या प्रत्येक आईला पाठ आहे; आणि 17 मार्च 2023 पासून बायकांनाही अर्ध्याच तिकिटात प्रवास करता येत असल्यामुळे, त्या बाईंचा हिशेब अर्ध्यावर भागणार होता तो अर्धे आईचे नि अर्धे लेकाचे मिळून पुऱ्या तिकिटावर गेला. गाडी हसली, वाहकही हसला, बाईही पदराआड ओशाळ्या हसल्या; मात्र हसता हसता त्यांनी मांडीवरच्या साक्षीदाराला असा एक चिमटा काढला, की पुढच्या थांब्यापर्यंत त्या पोरीचा आक्रोश थांबला नाही. तिच्या हातून कसूर कोणता घडला होता, हे तिला कोणी सांगितले नाही, आणि सांगू म्हटले असते तरी ते सांगणे अवघड होते.

वास्तविक बालकाच्या साक्षीविषयी आपला कायदा आपल्या घरांपेक्षा पुष्कळ उदार आहे. 1872 च्या पुराव्याच्या कायद्याने साक्षीदाराला वयाची अट घातली नाही. विचारलेला प्रश्न समजून त्याला सरळ उत्तर देता येत असेल, तर कोवळे वय ही हरकत होत नाही. आज त्या कायद्याच्या जागी आलेल्या 2023 च्या भारतीय साक्ष अधिनियमातही हे तत्त्व तसेच राहिले आहे. 1969 चा शपथ अधिनियम तर असे सांगतो, की बारा वर्षांखालील बालकाला सत्याचे कर्तव्य कळते पण शपथेचा अर्थ कळत नाही असे न्यायालयाला वाटले, तर त्याची जबानी शपथेवाचूनही घेता येते. मोठ्या माणसांना खरे बोलण्यासाठी शपथ घ्यावी लागते, असा या तरतुदीचा एक खट्याळ अर्थ मी माझ्यापुरता काढून ठेवला आहे.

तीन वर्षांचे मूल खरे बोलते, ते मात्र सद्गुणी असते म्हणून नव्हे. 1983 मध्ये विमर आणि पर्नर या दोन मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांना एक गोष्ट सांगून तिच्यावर प्रश्न विचारला. मुलगा एका कपाटात चॉकलेट ठेवून खेळायला जातो, मागे आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. आता परत आल्यावर तो ते कुठे शोधील? तीन वर्षांची मुले सांगत, की चॉकलेट जिथे हलवले आहे तिथेच. जे आपल्याला ठाऊक आहे ते दुसऱ्याला ठाऊक नसेल ही कल्पनाच त्या वयात मनाला शिवत नाही, आणि चौथ्या-पाचव्या वर्षाच्या सुमारास ती हळूहळू उमलते. दुसऱ्याच्या मनात आपल्या मनाहून निराळे काही असू शकते हेच ज्याला उमगलेले नाही, त्याने एखादी गोष्ट कोणापासून लपवावी ती कशी? दादा पहिलीत आहे हे त्या मुलीच्या दृष्टीने सूर्य उगवतो तितकेच सर्वांना ठाऊक होते. वाहक विसरला, म्हणून तिने आठवण करून दिली, इतकेच.

याचा दुसरा पुरावा मुलांच्या व्याकरणात सापडतो. ‘धरणे’चे ‘धरला’ होते, ‘सरणे’चे ‘सरला’ होते, हे ध्यानी आलेले मूल ‘करणे’चे ‘करला’ आणि ‘मरणे’चे ‘मरला’ असे निःशंकपणे करते, आणि आपण त्याला हसतो. परंतु नियम त्याचा बरोबर असतो, अपवाद तेवढे आपले असतात. नीतीचेही तसेच आहे. ‘खोटे बोलू नये’ हा नियम ऐकताच ते तो सरसकट लागू करते. वाहकाशी, सावकाराशी, वसुलीला आलेल्या माणसाशी आणि जेवणाच्या वेळी टपकलेल्या पाहुण्याशी बोलताना या नियमाचे ‘केला’, ‘मेला’, ‘गेला’ कसे होते, ते त्याला पुढे यथावकाश आपणच शिकवतो.

चारचौघांत वडीलधाऱ्यांची पंचाईत करणाऱ्या बालकांची परंपरा आमच्या या परिसराला तरी नवी नाही. कुंभार पिंपळगावापासून जवळच, याच घनसावंगी तालुक्यात, जांब नावाचे गाव आहे, जिथे 1608 साली ठोसरांच्या घरी नारायण जन्मला आणि जो पुढे समर्थ रामदास म्हणून महाराष्ट्राला ठाऊक झाला. हा मुलगा एकदा घरात दिसेना म्हणून शोधाशोध झाली, तेव्हा तो अंधाऱ्या खोलीत दडून बसलेला सापडला, आणि इथे काय करतोस असे आईने विचारताच आपण विश्वाची चिंता करीत आहोत असे त्याने सांगितले, अशी आख्यायिका आहे. त्या उत्तराला आज आपण हात जोडतो. परंतु त्या क्षणी, कामाचा खोळंबा करून पोराला धुंडाळणाऱ्या माउलीला ते ऐकून काय वाटले असेल, याचा विचार मुले वाढवलेल्या कोणत्याही बाईने करून पाहावा. पुढे बाराव्या वर्षी हाच मुलगा बोहल्यावर ‘सावधान’ शब्द ऐकून मंडपातून पळाला असे परंपरा सांगते. सोयऱ्याधायऱ्यांसमोर याहून जाहीर फजिती दुसरी कोणती असणार?

मुलांच्या या बोलण्यात निव्वळ कुतूहलाचाही एक मोठा वाटा असतो. मागे आमच्याच बाजारात एक चार वर्षांचा मुलगा कुबडी टेकून मोसंबी विकणाऱ्या म्हाताऱ्यासमोर थबकला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “आज्जा, तुमचा दुसरा पाय कुठंय?” त्याची आई पांढरीफटक पडली, त्याच्या तोंडावर हात ठेवून त्याला ओढू लागली, पण म्हाताऱ्याने तिला हातानेच थांबवले. “उसाच्या गाडीखाली गेला, बाळा. तू सडकंला गाडीमागं ऊस उपसाया पळत नकू जाऊस.” आणि मग आईकडे वळून तो म्हणाला, “इचारू द्या, माय. मोठी मान्सं नुसतीच बघत्यात.” हात ठेवून गप्प केलेल्या मुलाला त्या घडीला एवढेच कळले असते, की पाय नसणे ही उच्चारू नये अशी काही लज्जास्पद गोष्ट आहे. उत्तर मिळालेल्या मुलाला पायाची हकीकत कळली, गाडीचे भय कळले, आणि समोरचा इसम आपल्या आजोबांसारखाच एक आजोबा आहे हेही कळले.

नागव्या राजाची गोष्ट सर्वांना माहीत आहे. हान्स अँडरसनने ती 1837 मध्ये प्रसिद्ध केली, तिचे मूळ मात्र 1335 च्या एका स्पॅनिश कथासंग्रहात आहे, आणि त्या मूळ कथेत लहान मूल नाहीच. तिथे ते वस्त्र, जो आपल्या बापाचा खरा पुत्र नाही त्याला दिसत नाही असे ठग सांगतात; त्यामुळे वारसा जाईल या धास्तीने सगळा दरबार त्या नसलेल्या वस्त्राची वाखाणणी करतो, आणि ज्याच्यापाशी गमावण्याजोगा वारसा नाही असा एक हबशी सेवक तेवढा खरे बोलतो. अँडरसनने मुद्रिते तपासताना शेवट बदलून त्या सेवकाचे काम एका बालकाच्या तोंडी दिले. हा बदल मला फार मार्मिक वाटतो, कारण बालक हाही बिनवारशाचाच इसम असतो. त्याच्या नावावर अजून अब्रू चढलेली नसते.

आता एक कबुलीजबाब. दोन वर्षांपूर्वी कापूस वेचणीच्या दिवसांत हिशेबासाठी एक गृहस्थ आमच्या घरी आले. मी त्यांना ओसरीवर शेजारी बसवून घेतले, समतेविषयी चार शब्दही बोललो असेन, आणि आत चहाचे फर्मान सोडले. तेव्हा तीन वर्षांची असलेली माझी नात दारात येऊन उभी राहिली आणि आत वळून तिने विचारले, “आज्जी, यांला त्यो कोनाड्यातला कप द्यायचा ना?” घरात इतकी शांतता झाली, की चुलीवरच्या चहाचा खदखदाट ओसरीवर ऐकू आला. गृहस्थांनी मान खाली घातली नाही. ती मी घातली. 26 जानेवारी 1950 रोजी ज्या संविधानाने अस्पृश्यता नष्ट झाल्याचे जाहीर केले, त्याविषयी याच सदरात मी अनेकदा लिहिले आहे. पण वडिलांच्या काळापासून कोनाड्यात पालथा पडलेला तो कप कोणासाठी आहे, हे मी कधी विचारले नव्हते. विचारले नव्हते, कारण ठाऊक होते.

अशा वेळी सुशिक्षित घरांत दोन गोष्टी घडतात: एक तर मुलाला चिमटा बसतो, नाही तर त्याच्या बोलण्याचा विनोद करून, मोबाइल पुढे धरून, तेच वाक्य त्याच्याकडून पाहुण्यांसमोर पुन्हा पुन्हा वदवून घेतले जाते. दोन्हींचे फळ एकच, की जबानीतला मजकूर बाजूला राहतो. माझे मत असे, की मूल चारचौघांत काही बोलून गेले, तर त्याला तिथे रागावू नये आणि नाचवूही नये. त्याने प्रश्न विचारला असेल तर उत्तर द्यावे. आपल्या घरचे दप्तर उघडून वाचले असेल, तर पाहुणे गेल्यावर ते आपण एकदा स्वतः वाचावे.

त्या दिवशी नातीला कोणी रागावले नाही. कप कोनाड्यातून निघाला, घासला गेला आणि मांडणीवर इतर कपांमध्ये लागला. आता सगळे त्यातून पितात आणि तो कोणता हे मलाही नीट सांगता येत नाही. पाच वर्षांची झालेली माझी नात मात्र तो अजून अचूक ओळखते.