यात्रांच्या तारखा आणि पृथ्वीची गती

सोलापूर जिल्ह्याच्या लोकजीवनाला वळण लावणाऱ्या दोन मोठ्या यात्रांपैकी सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा सूर्याच्या मकरसंक्रमणाशी, तर पंढरपूरची आषाढी चंद्राच्या तिथीशी निगडित असल्यामुळे, पाठ्यपुस्तकांत केवळ सूत्ररूपाने भेटणाऱ्या गुरुत्वाकर्षणाचाच अंमल येथील नंदीध्वजांवर आणि दिंड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. तरीही हा विषय शिकवताना आमच्या शाळा न्यूटनच्या सफरचंदापाशीच थांबतात आणि घरोघरी टांगलेल्या पंचांगाकडे वळूनही पाहत नाहीत, हे मला खेदजनक वाटते.

पृथ्वी सूर्यावर का कोसळत नाही, या प्रश्नाचे खरे उत्तर असे की, ती अखंड कोसळतच असते. परंतु सेकंदाला सुमारे 30 किलोमीटर पुढे धावताना ती सूर्याकडे अवघी 3 मिलिमीटर ओढली जाते, आणि ही धाव व ही ओढ यांच्या संयोगातूनच तिची कक्षा सिद्ध होते. ही कक्षा किंचित लांबट असून, जानेवारीच्या आरंभी सूर्यापासून 14 कोटी 71 लाख किलोमीटरांवर असलेली पृथ्वी जुलैच्या आरंभी 15 कोटी 21 लाखांवर जाते, आणि जवळ असताना ती अधिक वेगाने धावते. हा नियम केप्लरने 1609 मध्ये मांडला व न्यूटनने 1687 मध्ये त्याची कारणमीमांसा केली. म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत संमती कट्ट्यावरील अक्षता सोहळ्यास लोक थंडीत जमतात, तेव्हा सूर्य जवळपास वर्षातील सर्वांत निकट असतो, आणि वैशाखात सोलापूर भाजून निघते, तेव्हा तो दूर चाललेला असतो. कारण उन्हाळा अंतरावर नव्हे, तर पृथ्वीच्या अक्षाच्या कलावर अवलंबून असून, मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सूर्य या शहराच्या थेट माथ्यावर येतो.

याच गतीचा जमाखर्च पंचांगात नोंदलेला आहे. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी तोकडे असल्याने साचणारी बाकी, ज्या चांद्रमासात संक्रांतच, म्हणजे सूर्याचा राशिप्रवेशच, पडत नाही तो अधिक धरून फेडली जाते. पृथ्वी मंद असता सूर्यास एक रास ओलांडण्यास साडेएकतीस दिवस लागतात, वेगवान असता साडेएकोणतीसही पुरे होतात, म्हणून ज्येष्ठ, आषाढ, श्रावण हे महिने वारंवार अधिक होतात, पौष अधिक झाल्याचे मात्र ऐकिवात नाही. 2014 साली 9 जुलैस आलेली आषाढी 2015 साली अधिक आषाढामुळे 27 जुलैस गेली, आणि धोंड्याच्या महिन्यात जावयांना जे वाण मिळाले, त्याचे श्रेय पृथ्वीच्या संथपणास द्यावे लागेल.

संक्रांतीची तारीखही अचल नाही. सूर्य व चंद्र पृथ्वीच्या विषुववृत्तावरील फुगवट्यास ओढत असल्याने तिचा अक्ष सुमारे 26 हजार वर्षांत एक फेरा घेतो, आणि त्यामुळे निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेली, संक्रांत साधारण 71 वर्षांत एक दिवस पुढे सरकते. 1863 साली ती 12 जानेवारीस होती, आज 14 वा 15 जानेवारीस येते, आणि उत्तरायण तर डिसेंबरच्या 21-22 तारखेसच सुरू होऊन जाते.

पंचांग वर्गात आणल्यास फलज्योतिष बोकाळेल, अशी तकरार कोणी करील. परंतु गणित आणि फल यांची फारकत शंकर बाळकृष्ण दीक्षित व व्यंकटेश बापूजी केतकर यांसारख्या विद्वानांच्या ग्रहगणितानेच सुकर करून ठेवली आहे, आणि मुहूर्ताचे अवडंबर माजते ते गणिताच्या अज्ञानावरच. यात्रेचा दिवस बदलावा असे माझे म्हणणे नाही. भाविकांनी तो परंपरेनुसारच पाळावा. मात्र जिल्ह्यातील प्रत्येक विद्यार्थ्यास तो दिवस का ठरतो आणि का सरकतो हे पंचांग समोर ठेवून शिकवण्याची तजवीज शिक्षण खात्याने करावी. कारण अधिक मासाचे कारण स्वतः मांडून दाखवणाऱ्या मुलास केप्लरचा नियम निराळा पाठ करण्याची गरज उरणार नाही, आणि त्या महिन्यास अशुभ ठरवणाऱ्यास प्रत्युत्तर देण्याचे सामर्थ्यही त्याच्या अंगी आपोआप येईल.