‘थांबा’ म्हणणारा माणूस

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपल्याकडे म्हणतात. समुद्रातल्या तेलाच्या विहिरीची तऱ्हा याच्याही पुढची. ती उफाळली तर बुजवायची कशी, हे ती खणायला घेण्यापूर्वीच ठरवून ठेवावे लागते. विहीर खणणारे पुष्कळ. पण बुजवण्याची तजवीज आधी करून मग कुदळ उचलणारे थोडे. आजचा मजकूर त्या थोड्यांविषयी आहे.

दिवाळीच्या अंकात चकली-करंजीच्या शेजारी तेलविहीर कशाला, असे कुणी म्हणेल. आमच्या शेजारच्या वहिनींनी म्हटलेच. चिंचवडच्या आमच्या सोसायटीत गॅस नळाने येऊ लागल्यापासून ऐन सणात सिलिंडर संपल्याची धावपळ गेली. वहिनी सोऱ्या दाबता दाबता म्हणाल्या, “भाऊजी, समुद्राचे काय लिहायला घेतलेत? समुद्र राहिला घाटाखाली. इथे आपली पवना आहे, तिच्याविषयी लिहा.”

मी म्हटले, “पवनेविषयीही लिहीन. पण तुमच्या कढईखाली जे जळते आहे, ते पवनेतून आलेले नाही.”

वाचकहो, हे खरे आहे. २००६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॅचरल गॅस कंपनीने पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगाव, हिंजवडी या भागांत नळ टाकले. त्या नळांतला गॅस आपल्या स्वयंपाकघरांत जळतो, रिक्षांत आणि बसगाड्यांत जळतो, कारखान्यांच्या भट्ट्यांत जळतो. तो सगळाच आपल्या समुद्रातला नव्हे. परदेशातून थंड करून, द्रवरूपात जहाजाने आणलेला गॅसही त्यात मिसळतो. कोणती चकली कोणत्या गॅसवर तळली, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. पण आपल्या देशात निघणाऱ्या गॅसचा मोठा वाटा मुंबईच्या समुद्रातून येतो, आणि म्हणून तिथे काय चालते हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

मुंबईच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर ‘बॉम्बे हाय’ हे तेलक्षेत्र आहे. आता त्याला ‘मुंबई हाय’ म्हणतात. १९७४ च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ने तिथे तेल शोधले. हे जपानमध्ये बांधलेले यान. आपले लांबलचक पाय खाली सोडून ते समुद्राच्या तळावर उभे राही आणि धड पाण्याच्या वर उचलून घेई. १९७६ च्या मे महिन्यात तेल निघू लागले, तेव्हा देशभर कोण आनंद झाला होता! नळांवाटे तिथला गॅस उरणला येऊ लागला, आणि घरगुती सिलिंडरचा गॅसही उरणला वेगळा काढला जाऊ लागला.

आता अशी विहीर खणायची म्हणजे काय, ते स्वयंपाकघराच्या भाषेत सांगतो. जमिनीच्या पोटातले तेल आणि गॅस हे शिट्टी न झालेल्या कुकरासारखे दबून बसलेले असतात. त्या कुकराला वरून भोक पाडायचे आहे. भोक पाडताना आत एक दाट द्रव सतत फिरवत ठेवतात. कामगार त्याला ‘मड’ म्हणतात. त्या मडचे वजन खालचा दाब धरून ठेवते. मड हलके झाले तर गॅस आत शिरतो. फार जड झाले तर आजूबाजूचा खडक फुटतो. मग टप्प्याटप्प्याने पोलादी नळ घालून त्यांच्या भोवती सिमेंट भरतात. आणि एवढे करूनही गॅस उसळला, तर विहिरीचे तोंड मिटवण्यासाठी, प्रसंगी आतला नळ कापून मिटवण्यासाठी, एक अजस्र झडप-संच असतो. त्याला ‘ब्लोआउट प्रिव्हेंटर’ म्हणतात. मतलब हा की एका कुलपावर विसंबायचे नाही. एक तुटले तर दुसरे असावे.

हे झाले यंत्राचे. समुद्राच्या काळजीचे काम त्याही आधी सुरू होते. जिथे यानाचे पाय टेकायचे तो तळ तपासतात. जुने नळ कुठून गेले आहेत, वरच्या थरातच गॅसचे खिसे आहेत का, हे पाहतात. पाण्याचे, तळच्या गाळाचे आणि त्यातल्या जीवांचे नमुने घेऊन ठेवतात. कारण आधीची मोजणी नसेल तर नंतरच्या नुकसानीचा हिशेब कुणाच्या वहीत मांडायचा? डिझेल मिसळलेले मड वापरायला आपल्या नियमांनी मनाई आहे. मडमधल्या रसायनांचे विषारीपण जलचरांवर तपासावे लागते. खोदताना निघालेला खडकाचा चुराही वाटेल तसा समुद्रात लोटता येत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचा असतो एक नकाशा. तेल सांडलेच तर कोणत्या महिन्यात, कोणत्या वाऱ्याने, किती तासांत ते कोणत्या किनाऱ्याला लागेल, याचा हा नकाशा. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा ते आपल्याच अंगावर आणून घालतो. मग मुंबई-रायगडची खारफुटी, कोळीवाड्यांची जाळी, रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या वाळूत थंडीच्या दिवसांत अंडी घालायला येणारी कासवे, यांपैकी कुणाला आधी वाचवायचे, हे संकटाच्या रात्री ठरवता येत नाही. ते शांतपणे, दिवसाउजेडी ठरवून ठेवायचे असते. देशाच्या तेलगळती-आपत्ती योजनेची जबाबदारी तटरक्षक दलाकडे आहे. १९९३ च्या मे महिन्यात मुंबई हायहून उरणला येणारी तेलवाहिनी फुटून हजारो टन तेल समुद्रात गेले. तेव्हापासून ही काळजी पुस्तकी राहिलेली नाही. आणि एक लक्षात ठेवावे, की तेल अडवणारे तरंगते अडसर शांत पाण्यात कामाचे. खवळलेल्या समुद्रात लाट त्यांच्यावरून खुशाल निघून जाते. म्हणून सांडलेले भरण्यापेक्षा न सांडणे हाच खरा उपाय.

इतकी कुलपे, इतके नकाशे. मग अपघात होतात तरी कसे?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या पिंपरी-चिंचवडच्या माणसाला इतरांपेक्षा लवकर कळावे. कारण हे गाव भोंग्यावर जागते आणि पाळ्यांवर जगते.

१९८८ च्या ६ जुलैची गोष्ट. ब्रिटनच्या उत्तर समुद्रात ‘पायपर अल्फा’ नावाचा तेलमंच होता. दिवसपाळीच्या लोकांनी एका पंपाची सुरक्षा-झडप दुरुस्तीला काढली. काम अपुरे राहिले. तशी नोंद कागदावर झाली, पण ती रात्रपाळीच्या माणसांच्या ध्यानात आली नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला, तेव्हा त्यांनी हा सुरू केला. गॅस सुटला, भडका उडाला. शेजारच्या मंचांवरून तेल-गॅस येतच राहिला, कारण तो बंद करण्याचा निर्णय वेळेवर कुणी घेतला नाही. १६७ माणसे गेली. यंत्रे होती, कागद होता, नियम होता. नव्हता तो एका पाळीने दुसऱ्या पाळीला नीट सांगितलेला निरोप, आणि ‘थांबा’ म्हणणारा माणूस.

२०१० च्या एप्रिलमध्ये अमेरिकेजवळ मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ यानावर तेच. विहीर नीट बंद झाली की नाही याची चाचणी घेतली. आकडे विचित्र आले. त्यांचा सोयीचा अर्थ लावून काम पुढे रेटले. ११ कामगार गेले, आणि ८७ दिवस तेल समुद्रात वाहत राहिले.

परदेशाचे कशाला, आपल्याच समुद्रातले पाहा. २००५ सालच्या २६ जुलैच्या पावसाने मुंबई बुडाली. दुसऱ्या दिवशी मुंबई हायवर समुद्र खवळलेला होता. ‘समुद्र सुरक्षा’ या मदतजहाजावर एकाच्या बोटांना इजा झाली. हवा अशी की हेलिकॉप्टर उडेना. जखमी माणसाला उपचार मिळावेत म्हणून जहाज मंचाजवळ नेले. लाटांनी ते तळातून वर येणाऱ्या गॅसच्या नळावर आदळले. दोन तासांच्या आत मंच समुद्रात गेला. ३८४ माणसांपैकी ३६२ वाचवली, हे वाचवणाऱ्यांचे मोठे शौर्य. पण २२ घरांतली माणसे परत आली नाहीत. इथे कुणी दुष्ट नव्हते. हेतू तर दयेचाच होता. परंतु अशा हवेत कोणत्या बाजूने, किती जवळ यायचे, आणि ‘येऊ नका’ म्हणायचे कुणी, याचे उत्तर जखमीच्या हातातून रक्त वाहत असताना शोधायचे नसते.

पुन्हा २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आले. हवामान खात्याने इशारा आधीच दिला होता. तरी ‘पी ३०५’ हा कामगारांचा तराफा समुद्रातच नांगरून राहिला. त्याच्यावर २६१ माणसे होती. नांगर तुटले. तो तराफा आणि ‘वरप्रदा’ ही ओढबोट मिळून ८० हून अधिक माणसे गेली. ती काही नवी विहीर खणत नव्हती. मंचांच्या दुरुस्ती-बांधणीच्या कामावर होती. पण प्रश्न तोच. काम आवरा, परत चला, हे म्हणायचे कुणी, आणि म्हटले तर ऐकायचे कुणी?

आमच्या वहिनींचा धाकटा मुलगा चाकणकडच्या एका कारखान्यात प्रेसवर आहे. एका रात्रपाळीत त्याला संशय आला, की हात आत गेला तर प्रेस थांबवणारा डोळा नीट काम करीत नाही. आधीच्या पाळीच्या वहीत काही लिहिलेले नव्हते. त्याने लाल बटण दाबले. पाऊण तास काम बंद. संशय खरा निघाला. पण त्या पाऊण तासाची बोलणी त्याने सगळ्यांदेखत खाल्ली. शाबासकी कुणी दिली नाही. तो घरी येऊन म्हणाला, “आई, पुढच्या वेळी बटण दाबू की नको, तूच सांग.” वहिनी म्हणाल्या, “बोटे शाबूत आहेत ना? मग बोलणी खा. दाबायचेच.”

मला वाटते, हजार पानांच्या सुरक्षा-आराखड्याचे सार या दोन वाक्यांत आले. वहिनींनी समुद्रातली विहीर पाहिलेली नाही. पण बटण दाबणाऱ्याच्या पाठीशी कोण उभे राहते, यावर सगळे अवलंबून असते, हे त्यांना नेमके कळले आहे. विहिरीवर एक दिवस काम थांबले तर लाखांचा नव्हे, कोटींचा प्रश्न. यानाचे भाडे चालू, माणसांचा पगार चालू. अशा ठिकाणी ‘थांबा’ म्हणणाऱ्या पोराला आधीच अभय दिलेले नसेल, तर तो का म्हणेल?

आणि हे अभय जसे कामगाराला हवे, तसे किनाऱ्यावरच्या माणसालाही. सर्वेक्षणाची जहाजे ऐन हंगामात आली की जाळी टाकायची कुठे, हे कोळी बांधव विचारतात. यानाभोवतीचे ५०० मीटरचे पाणी त्यांना बंद होते. २०२० च्या जानेवारीत सरकारने पर्यावरण-परवानगीच्या नियमांत बदल केला. तेल-गॅसच्या नुसत्या शोधाच्या विहिरी त्यातून अधिक सोप्या वर्गात गेल्या आणि त्यांच्यासाठी जनसुनावणीची अट उरली नाही. सरकारची बाजू अशी, की शोध लवकर व्हावा. देशाला लागणारे बहुतेक तेल आपण बाहेरून विकत आणतो, हेही खोटे नाही. पण शोधाची विहीर म्हणजेच अनोळखी खडकातली विहीर. डीपवॉटर होरायझन जी विहीर मिटवत होते, तीही शोधाचीच होती. जिथे अनोळखीपण जास्त, तिथे विचारणारे कमी करणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही. सुनावणी म्हणजे तरी काय? विहीर खणण्यापूर्वी ‘जरा थांबा, हे सांगा’ असे म्हणण्याची गावाला दिलेली पाळीच ती.

तेल नकोच, असे मी म्हणत नाही. आपले सगळे गाव चाकांवर उभे राहिले आहे. त्याने तसे म्हणणे ढोंगाचे होईल. याच पट्ट्यातल्या घडकामाच्या कारखान्यांतून तेलविहिरींना लागणारे भागही जातात. मात्र वर्तमानपत्रात नवीन विहिरीची बातमी वाचाल तेव्हा ‘तेल किती निघणार?’ एवढेच विचारू नका. आणखी तीन प्रश्न विचारा. विहीर उफाळली तर ती बुजवायला दुसरे यान कुठून आणि किती दिवसांत येणार? तेल कोणत्या किनाऱ्याला लागेल, आणि त्या किनाऱ्यावरच्या माणसांना हे सांगितले आहे का? आणि रात्रपाळीतला सर्वांत धाकटा कामगार ‘थांबा’ म्हणाला, तर सकाळी त्याची नोकरी शाबूत राहील का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे तज्ज्ञ देतील, आणि देतातही. तिसऱ्याचे उत्तर अहवालात सापडत नाही. ते साहेबाच्या तोंडून, चारचौघांत, त्या पोराच्या पाठीवर हात ठेवून द्यावे लागते.